लॅपटॉपवर मायनस १, बोर्डवर २५५. हा कॅरचा घोळ आहे का?

ओझरचा_सर्किटवाला

नमस्कार मंडळी. तीन रात्री धड झोप नाहीये त्यामुळे थोडं लांबेल, पण सगळं सांगतो म्हणजे कुणाला काही सुचलं तर सुचेल.

आम्ही दोघं मिळून कोल्ड स्टोरेजसाठी तापमानाचे एलईडी बोर्ड बनवतो. सध्या द्राक्षाचा सीझन, म्हणजे कुणाचीच कोठी रिकामी नाही. एका गिऱ्हाइकाकडे आमचा जुना बोर्ड पाच वर्षं चालला, त्यात इंटेलचा छोटा पीसी होता, तो यंदा जळाला म्हणून त्याच्या जागी एआरएमचा सिंगल बोर्ड बसवला. लिनक्सच आहे, सी मधला कोड तोच, एक ओळ बदलली नाही, फक्त नव्या बोर्डासाठी परत कंपाइल केला. एरर नाही, वॉर्निंग नाही. दुकानात टेबलावर दिवसभर चालवून बघितला, २९, ३०, ३१ बरोबर दाखवत होता. सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवला तर १ वर आला मग ० वर आला, म्हटलं झालं काम.

बसवून आलो त्याच रात्री अडीचला फोन. सायरन वाजतोय आणि बोर्डवर २५५ डिग्री. मालकाने घाबरून दार उघडून बघितलं, आत सगळं थंडगार. मी बाइक काढून गेलो, पोचेपर्यंत परत ० दाखवत होता. सेन्सर बदलला. दुसऱ्या रात्री परत तेच, २५५, मध्येच २५४. केबल बदलली, अर्थिंग तपासलं, कॉम्प्रेसर चालू होताना नॉइज येत असेल म्हणून शिल्डेड केबल टाकली. तिसऱ्या रात्री तिथेच सतरंजी टाकून बसलो तेव्हा दिसलं की आकडा १ वरून ० वर येतो आणि ० वरून थेट २५५. म्हणजे कॉम्प्रेसर जास्त वेळ चालला की आत मायनस १ होतं आणि नेमकं तेव्हाच हे होतं.

कोडमध्ये तापमान पूर्ण डिग्रीत राउंड करून एका कॅर व्हेरिएबलमध्ये ठेवलंय. (कॅर म्हणजे सी मधला एका बाइटचा, आठ बिटांचा टाइप. इथे कॅर लिहितोय, चार लिहिलं तर आकडा वाटतो.) लॅपटॉपवर त्यात हाताने मायनस १ टाकून चालवलं तर मायनस १ च दाखवतं. तोच कोड बोर्डवर २५५.

अजून दोन गोष्टी आहेत, त्यांचा याच्याशी संबंध आहे का माहीत नाही. एक म्हणजे सेटिंगची फाइल वाचणारा छोटा प्रोग्राम आहे तो नव्या बोर्डवर अडकूनच बसतो, सीपीयू १०० टक्के. सध्या तो बंद करून सेटिंग थेट कोडमध्ये लिहिलंय. आणि दुसरं, बोर्डवर मराठी मेसेज येतात, "दार उघडं आहे" वगैरे, तिथे आता नुसते चौकोन येतात. मोजले तर "दार" या शब्दाच्या जागी बरोबर नऊ चौकोन.

कोड मी लिहिलेला नाही, आधी आमच्याकडे एक मुलगा होता त्याने लिहिलाय आणि पाच वर्षं एकदाही त्रास दिला नाही. मला वाटतं नव्या बोर्डाच्या कंपाइलरमध्येच काहीतरी गडबड आहे. काय करू?

---

खडकीचा_बाइट

भाऊ सेन्सर, केबल, अर्थिंग सगळं चांगलं आहे, कंपाइलरही चांगला आहे. घोळ कॅरचाच आहे आणि तिन्ही दुखणी एकाच मुळातून आलीत.

सी मध्ये कॅर, साइन्ड कॅर आणि अनसाइन्ड कॅर असे तीन वेगवेगळे टाइप आहेत. साइन्ड म्हणजे मायनस आकडेही चालतात, अनसाइन्ड म्हणजे फक्त शून्य आणि त्यावरचे. इंटचं कसं, नुसतं इंट लिहिलं की ते साइन्डच. पण नुसतं कॅर लिहिलं तर ते साइन्ड धरायचं की अनसाइन्ड हे स्टँडर्डने कंपाइलर बनवणाऱ्यावर सोडलंय, अगदी १९८९ च्या पहिल्या स्टँडर्डपासून. इंटेलवर लिनक्समध्ये जीसीसी (लिनक्सचा नेहमीचा कंपाइलर) ते साइन्ड धरतं म्हणजे मायनस १२८ ते १२७. एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड धरतं म्हणजे ० ते २५५. दोघंही नियमानेच वागतायत. मायनस १ म्हणजे आठही बिट एक, आणि तीच आठ बिटं अनसाइन्ड म्हणून वाचली की २५५. मायनस २ असेल तेव्हा २५४. सेन्सर खरंच सांगत होता, वाचणाऱ्याने चुकीचं वाचलं.

खात्री करायची असेल तर लिमिट्स डॉट एच घेऊन कॅर-मिन छापणारा दोन ओळींचा प्रोग्राम दोन्हीकडे चालव. लॅपटॉपवर मायनस १२८ येईल, बोर्डवर ०.

आता टेबलावर का सापडलं नाही ते बघ. खोलीत ३० डिग्री, बर्फाच्या पाण्यात ०. साधं बर्फाचं पाणी शून्याच्या खाली जातच नाही, त्यामुळे तुझ्या टेस्टमध्ये तो कॅर कधी मायनसमध्ये गेलाच नाही. परत टेस्ट करशील तेव्हा बर्फ फोडून त्यात मूठ मूठ जाडं मीठ घाल, घरी हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये भरतो तसं. मायनस पाचच्या खाली आरामात जाईल.

फाइल वाचणारा प्रोग्राम का अडकतो ते न बघता सांगतो. एफगेटसी किंवा गेटचारने (एकेक बाइट वाचणारी फंक्शन्स) आलेली व्हॅल्यू कॅरमध्ये घेतली असणार आणि मग ईओएफशी, म्हणजे "फाइल संपली" या खुणेशी, तुलना. ही फंक्शन्स इंट देतात ते उगाच नाही, २५६ बाइट आणि वर "फाइल संपली" ही एक वेगळी खूण, एवढं सगळं आठ बिटात मावत नाही. ईओएफ साधारण मायनस १ असतो. तुझ्या बोर्डवर तो कॅरमध्ये शिरला की २५५ होतो, आणि तुलनेच्या वेळी २५५ आणि मायनस १ कधीच सारखे होत नाहीत, म्हणजे फाइल संपली तरी लूप चालूच. ते व्हेरिएबल इंट कर, तिथलं काम तिथे संपलं.

आणि हे इंटेलवर बरोबर होतं असं अजिबात नाही हं. तिथे उलटं होतं, फाइलमध्ये खराखुरा एफएफ बाइट (हेक्समधला २५५) आला की प्रोग्रामला वाटतं फाइल संपली. सेटिंगची फाइल यूटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) मध्ये असेल तर एफएफ हा बाइट त्यात कधी येतच नाही म्हणून पाच वर्षं निभावलं. हाच कोड बायनरी लॉग वाचायला वापरला असतास तर लॉग अर्धवट वाचून गप्प बसला असता.

एक अर्जंट गोष्ट. सेन्सर निसटला किंवा वायर तुटली तर कोडमध्ये खूण काय आहे? या एक-वायरच्या सेन्सरच्या लायब्रऱ्यांमध्ये बऱ्याचदा मायनस १२७ असते. तीही जर त्याच कॅरमध्ये ठेवून तपासत असाल तर आज वायर काढून बघ काय होतं.

---

ओझरचा_सर्किटवाला

दादा बघितलं. कॅर-मिन लॅपटॉपवर मायनस १२८, बोर्डवर ०. वायर काढली तर "सेन्सर नाही" यायला हवं होतं, आलं १२९. म्हणजे उंदराने वायर कुरतडली असती तर बोर्डने १२९ डिग्री दाखवून सायरन वाजवला असता आणि आम्ही परत कॉम्प्रेसरकडे बघत बसलो असतो.

ईओएफवालं अगदी तुम्ही म्हणालात तसंच होतं, इंट केलं, चालू झालं.

मराठीचं अजून कळलं नाही. मेसेजचे बाइट हेक्समध्ये छापून बघितले. बोर्डवर "दार" साठी ई०, ए४, ए६, मग ई०, ए४, बीई, मग ई०, ए४, बी० असं नीट येतं. लॅपटॉपवर मात्र प्रत्येक बाइटच्या आधी सहा एफ, म्हणजे सहा एफ आणि मग ई०, सहा एफ आणि मग ए४. आणि गंमत नाही, जिथे हे सहा एफ येतात तिथे मराठी बरोबर दिसतं आणि जिथे बाइट स्वच्छ येतात तिथे चौकोन. हे उलटं कसं?

---

हडपसर_हेक्स

आधी आजची रात्र सांभाळ. मेकफाइलमध्ये (कोड कसा कंपाइल करायचा ते लिहिलेली फाइल) एफ-साइन्ड-कॅर हा फ्लॅग टाक, सगळा कोड क्लीन करून परत बिल्ड कर, बोर्डवर इंटेलसारखं वागायला लागेल, तापमान पण आणि मराठी पण. पाच मिनिटांचं काम. लोकांचा माल आत आहे, इथे स्टँडर्डवर चर्चा करत बसलो तर परत अडीचला फोन येईल. बाकी सावकाश.

---

अनघा_फर्मवेअर

हेक्सदादांचं आजच्या रात्रीपुरतं बरोबर आहे, तेच कर. पण पुढच्या आठवड्यात ते तसंच सोडून देऊ नकोस, का ते सांगते.

आधी मराठीचं. देवनागरीचं जवळजवळ प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, ई० ने सुरू होतं, मग ए४ किंवा ए५, मग तिसरा. द, काना, र ही तीन चिन्हं, तिप्पट केली की नऊ, तुझे नऊ चौकोन हेच. यातला एकही बाइट १२७ च्या आत नाही. म्हणजे कॅर साइन्ड असेल तर मराठीचा प्रत्येक बाइट मायनस आकडा होतो, ई० चा मायनस ३२, ए४ चा मायनस ९२. लॅपटॉपवर दिसलेले सहा एफ हे तेच, कॅर फंक्शनला पाठवताना त्याचा इंट होतो आणि मायनस असला की वरची चोवीस बिटं एकने भरतात. बोर्डवर तो प्लस आहे म्हणून वर शून्यं, छापताना दिसत नाहीत.

आता तुमच्या त्या मुलाने अक्षर इंग्रजी की मराठी हे कसं ओळखलं असेल ते सांगू? "बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर मराठी, तीन बाइट एकदम उचल" असं लिहिलं असणार. इंटेलवर चालतं. एआरएमवर बाइट शून्यापेक्षा लहान कधी असतच नाही, म्हणजे ती अट कधीच खरी होत नाही, प्रत्येक बाइट सुटा इंग्रजी अक्षर म्हणून फाँटमध्ये शोधला जातो, सापडत नाही, चौकोन. कोड उघडून बघ.

याचा जुळा भाऊ पण मी पाहिलाय, माझ्या पहिल्या नोकरीत, बाइट थेट ई० शी तुलना करणारा. तो एआरएमवर चालतो आणि इंटेलवर चालत नाही, कारण तिथे मायनस ३२ आणि २२४ यांची तुलना होते. हे दोन्ही एकाच फाइलमध्ये असतील तर हेक्सदादांच्या फ्लॅगने एक बरा होईल आणि दुसरा आजारी पडेल. म्हणून म्हणते फ्लॅग हा इलाज नाही, पट्टी आहे. शिवाय मेकफाइल कुणीतरी बदलतं, फाइल दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये कॉपी होते, फ्लॅग मागे राहतो आणि कोड पुढे जातो.

आणि एक गोष्ट मला मनापासून वाटते. इंग्रजी मजकुराचा एकही बाइट १२७ च्या वर जात नाही त्यामुळे इंग्रजीवर टेस्ट करणाऱ्याला हा बग जन्मात दिसत नाही. तो पहिल्यांदा दिसतो तो आपल्याला, मराठी, हिंदी, तमिळ टाइप करणाऱ्यांना, आणि मग आपल्यालाच सांगितलं जातं की तुमचा फाँट खराब असेल. मराठी टेस्ट डेटा ठेवणं ही हौस नाही, आपण सोडून दुसरं कुणी ते ठेवणार नाही.

नेमकं कसं दुरुस्त करायचं: ज्या कॅरमध्ये आकडा आहे, तापमान, काउंटर, मायनसची खूण, तिथे स्टँडर्ड इंट हेडर घेऊन इंट८-टी वापर. तुझ्या केसमध्ये तर सरळ इंट कर, एका बाइटने काय वाचणार आहे. ज्यात कच्चे बाइट आहेत, सेन्सरचा बफर, पॅकेट, चेकसम, तिथे यूइंट८-टी. नुसतं कॅर फक्त मजकुराला, आणि त्या मजकुराचा बाइट तपासायचा असेल तेव्हा आधी अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट करून मगच. इजअल्फा, टूअपर या अक्षर तपासणाऱ्या, बदलणाऱ्या सगळ्या फंक्शन्सना पण तसंच कास्ट करून द्यायचं, त्यांना ० ते २५५ किंवा ईओएफ एवढंच चालतं. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीने आतलं टेबल मायनस १२८ पासून ठेवलंय म्हणून लिनक्सवर न कास्ट करताही चालून जातं, मायक्रोसॉफ्टच्या डीबग बिल्डमध्ये तिथेच असर्शन येऊन थांबतं.

अजून एक जागा नक्की तपास. सेन्सरचे दोन बाइट जोडून सोळा बिटांचा आकडा करतोस ना? समज खालचा बाइट ९० हेक्स आणि वरचा ०१, म्हणजे ४०० यायला हवेत. बफर साइन्ड कॅरचा असेल तर खालचा बाइट जोडायच्या आधीच मायनस ११२ होतो, त्याची वरची सगळी बिटं एक, आणि ऑर केलं की वरचा ०१ त्याच्याखाली पुसला जातो. हातात मायनस ११२ येतात. म्हणजे फ्लॅग टाकून साइन्ड केलंस आणि जोडणारा कोड नुसत्या कॅरवर असेल तर तिथे नवा बग तयार.

---

कंपाइलर_काका

अनघाने शेवटी सांगितलेला बाइट जोडण्याचा प्रकार हलका समजू नका. याच एका चुकीने पासवर्डची सुरक्षा कमकुवत झाली होती. क्रिप्ट-ब्लोफिश नावाची लायब्ररी, पीएचपीमध्येही तीच वापरलेली, पासवर्डचे बाइट एकापुढे एक जोडून बत्तीस बिटांचे शब्द बनवायची आणि तिथे अनसाइन्डचं कास्ट राहून गेलं होतं. जिथे कॅर साइन्ड तिथे १२७ च्या वरचा एक बाइट आला की त्याच शब्दातले आधीचे बाइट पुसले जायचे, म्हणजे पासवर्डची आधीची एक ते तीन अक्षरं काय होती याने काही फरकच पडायचा नाही. फक्त इंग्रजी अक्षरांच्या पासवर्डला काही होत नव्हतं, फटका बसला तो बाकी लिपीत पासवर्ड ठेवणाऱ्यांना. २०११ मध्ये सापडलं आणि तेव्हापासून दुरुस्त हॅशच्या (पासवर्डवरून काढलेल्या सांकेतिक मजकुराच्या) सुरुवातीला "२ वाय" ही खूण आली, पीएचपीमधले हॅश ज्यांनी कधी उघडून पाहिलेत त्यांनी ती पाहिली असेल. तशी का आहे ते बऱ्याच जणांना माहीत नसतं.

२००३ मधलं सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रामचं भगदाडही याच जातीचं. पत्ता वाचणाऱ्या कोडमध्ये "अक्षर नाही" यासाठी मायनस १ ही खूण होती आणि एफएफ बाइट कॅरमधून येताना मायनस १ च व्हायचा. बाहेरून आलेला साधा बाइट आतली खूण बनला आणि लांबीची तपासणी चुकवून गेला. या भाऊंची मायनस १२७ ची खूण बघून मला तेच आठवलं. खूण आणि डेटा एकाच डब्यात ठेवू नका, वेगळा फ्लॅग ठेवा.

आता असं दोन तऱ्हेचं का झालं ते. सी वाढली पीडीपी-११ वर. त्या मशीनची बाइट रजिस्टरमध्ये आणायची इन्स्ट्रक्शन साइन वाढवूनच आणायची, तेव्हा तिथे कॅर साइन्ड ठेवणं स्वस्त. आयबीएमच्या मेनफ्रेमवर एब्सिडिक कोड, त्यात कॅपिटल ए म्हणजे सी१ आणि शून्याचा आकडा एफ०, म्हणजे रोजची अक्षरंच १२७ च्या वर. स्टँडर्ड म्हणतं की मूळ संचातली अक्षरं कॅरमध्ये मायनस होता कामा नयेत, म्हणून तिथे अनसाइन्डशिवाय पर्याय नाही. आणि सुरुवातीच्या एआरएममध्ये बाइट लोड करायची एकच इन्स्ट्रक्शन होती, ती वर शून्यं भरायची. साइन वाढवून लोड करणारी इन्स्ट्रक्शन आवृत्ती ४ मध्ये आली, त्याआधी साइन्ड पाहिजे असेल तर दोनदा शिफ्ट करा. म्हणून एआरएमवर अनसाइन्डची प्रथा पडली. आता दोन्ही इन्स्ट्रक्शन आहेत पण एबीआय (कंपाइल झालेल्या कोडने पाळायचे नियम) एकदा ठरला की तो कोण बदलतो. पॉवरपीसी आणि रिस्क-फाइव्हवरही लिनक्समध्ये अनसाइन्डच आहे.

फ्लॅगबद्दल एक सांगतो कारण हेक्सला वाईट वाटायला नको. लिनक्स कर्नलनेही शेवटी फ्लॅगच वापरला, पण उलटा. २०२२ मध्ये कर्नल डेव्हलपर जेसन डोनेनफेल्ड यांनी हा विषय काढला, लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांचाही पाठिंबा होता, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ पासून अख्खं कर्नल सगळ्या आर्किटेक्चरवर एफ-अनसाइन्ड-कॅरने बिल्ड होतं. पण फ्लॅग टाकून ते मोकळे झाले नाहीत, आधी जिथे जिथे कॅरमध्ये मायनस आकडे होते ते शोधून दुरुस्त केले, त्यात रॅलिंकच्या वायफाय चिपचा ड्रायव्हरही होता.

एवढं करूनही एक निसटलंच. एक्सटी४ फाइलसिस्टिममध्ये एक्सटेंडेड ॲट्रिब्यूटच्या (फाइलला जोडलेल्या जादा माहितीच्या) नावाचा हॅश नुसत्या कॅरवर काढला जायचा. इंटेलवर आधी साइन्डने काढलेला हॅश डिस्कवर लिहिलेला, नवं कर्नल अनसाइन्डने काढणार, १२७ च्या वरचा बाइट नावात असला की जुळणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये दुरुस्त केलं तेव्हा आता जुना साइन्ड हॅशही चालवून घेतात. डिस्कवर गेलेली चूक कोडमध्ये दुरुस्त करून संपत नाही, ती डिस्क जिवंत असेपर्यंत सांभाळावी लागते. फाइलच्या नावांच्या हॅशचं तर याआधी, २००८ मध्येच झालं होतं. इंटेलवर भरलेली डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर तीच नावं वेगळ्या हॅशला जायची, म्हणून सुपरब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या फाइलसिस्टिमची मूळ माहिती असते तो भाग) "या डिस्कचा हॅश साइन्ड" किंवा "अनसाइन्ड" अशी खूणच ठेवावी लागली.

म्हणून माझं मत, फ्लॅग टाका, पण अनसाइन्डचा, आणि लॅपटॉपच्या बिल्डला टाका. म्हणजे लॅपटॉपवर दोन बिल्ड करायचे, एक साइन्ड एक अनसाइन्ड, दोन्हीवर त्याच टेस्ट चालवायच्या, मराठी मेसेज आणि मायनस तापमान धरून. दोन्हीकडचं आउटपुट डिफ करा, जिथे फरक तिथे बग. बोर्ड हातात नसला तरी सापडतो. आणि डब्ल्यू-ऑलबरोबर डब्ल्यू-एक्स्ट्रा चालू ठेवा, अनसाइन्ड बिल्डमध्ये "ही तुलना कधीच खरी होणार नाही" अशा वॉर्निंग येतील, त्या एकेक वाचा. तुला वॉर्निंग आली नाही म्हणालास म्हणजे एक्स्ट्रा बंद होतं.

---

चिंचवड_ते_म्युनिक

काकांच्या यादीत एक भर घालतो कारण मी यात नीट फसलोय. "एआरएम म्हणजे अनसाइन्ड" हे पाठ करू नका. ॲपलच्या एम सिरीजच्या मॅकवर प्रोसेसर एआरएम पण ॲपलच्या एबीआयमध्ये कॅर साइन्ड. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर एआरएमवरही साइन्डच धरतो, बदलायचं तर स्लॅश जे. पण त्याच मॅकवर डॉकरमध्ये एआरएम लिनक्सचा कंटेनर उघडला की आत अनसाइन्ड. म्हणजे एकाच टेबलावर, एकाच प्रोसेसरवर, टर्मिनलच्या दोन टॅबमध्ये दोन उत्तरं.

माझा कोड बेस-६४ (बायनरी डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) डीकोड करायचा. २५६ खणांचं टेबल, जे अक्षर बेस-६४ मध्ये नाही तिथे मायनस १, टेबलाचा टाइप नुसता कॅर. मॅकवर सगळ्या टेस्ट पास, सर्व्हर एआरएम लिनक्सचा, तिथे मायनस १ चे २५५ झाले, "शून्यापेक्षा लहान असेल तर चुकीचं अक्षर" ही अट मेली आणि कचरा इनपुट हसत हसत आत घेतला गेला. एररच नाही, त्यामुळे कळायला आठवडा लागला. टेबलाला साइन्ड कॅर केलं, एका शब्दाचा बदल. तेव्हापासून असं टेबल दिसलं की मी आधी टाइप बघतो.

स्वतः लिहिलेली स्ट्रिंग तुलना पण बघून घे. लायब्ररीतलं स्ट्रकंप बाइट अनसाइन्ड धरून तुलना करतं, स्टँडर्डमध्येच तसं आहे. पण घरच्या घरी लिहिलेलं नुसत्या कॅरची वजाबाकी करतं आणि मग इंटेलवर मराठी नावं इंग्रजीच्या आधी येतात आणि एआरएमवर नंतर. गिऱ्हाइकांची यादी सॉर्ट करून बायनरी सर्च करत असाल तर नाव यादीत असून सापडत नाही.

---

ओझरचा_सर्किटवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी हेक्सदादांचा फ्लॅग टाकून बोर्ड चालू ठेवला, रात्री फोन नाही. मग आज दिवसभर बसून कोड नीट केला.

अनघाताई, तुम्ही म्हणालात ती ओळ जशीच्या तशी सापडली, "बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर". आणि त्याच फाइलमध्ये खाली ई० शी थेट तुलना पण होती, ओळ तोडताना अक्षर मधून तुटू नये म्हणून लिहिलेली. म्हणजे ती पाच वर्षं इंटेलवर कधी चाललीच नव्हती. आता आठवतंय, जुन्या बोर्डवर लांब मेसेज आला की ओळीच्या शेवटी कधी कधी एक चौकोन यायचा आणि आम्ही गिऱ्हाइकाला मेसेज छोटा ठेवा म्हणून सांगायचो.

एकूण नुसते कॅर एकोणचाळीस ठिकाणी होते. त्यातले अकरा आकडे होते, तापमान, मर्यादा, दाराचा काउंटर, ते इंट केले. सेन्सरचा बफर यूइंट८ केला. "सेन्सर नाही" साठी काका म्हणाले तसा वेगळा फ्लॅग केला, वायर काढली की मेसेज येतो. उरलेले खरे मजकुराचे, त्यांना जिथे तपासतो तिथे कास्ट. मग फ्लॅग काढून टाकला, लॅपटॉपवर दोन्ही बिल्ड केले, डिफ रिकामं. डब्ल्यू-एक्स्ट्रा लावून अनसाइन्ड बिल्डला जुना कोड दिला तर सहा वॉर्निंग आल्या आणि सहाच्या सहा बग होत्या.

संध्याकाळी दुकानात स्टीलच्या डब्यात बर्फ फोडून जाडं मीठ घातलं, सेन्सर खोचला. १, ०, मायनस १, मायनस २, असं करत मायनस ७ पर्यंत गेलं, एकदाही उडी मारली नाही. "दार उघडं आहे" पण नीट आलं. उद्या सकाळी जाऊन बसवतो, आणि या वेळी रात्री तिथेच थांबणार आहे.

एकच राहिलं. त्या तीन रात्रींचे रेकॉर्ड. एक बायनरी लॉग आहे, दर मिनिटाला एक बाइट, आणि एक सीएसव्ही जी मालक माल घेणाऱ्या पार्टीला पाठवतो, त्यात २५५ आणि २५४ छापले गेलेत. पार्टी विचारणार की डिग्री एवढी कशी गेली. हे रेकॉर्ड गेलं का वाया?

---

खडकीचा_बाइट

अजिबात नाही. बायनरी लॉगमध्ये बिटं बरोबरच आहेत, एफएफ म्हणजे एफएफ, फक्त वाचणारा प्रोग्राम साइन्ड कॅरने वाचू दे, मायनस १ मिळेल. सीएसव्हीमध्ये १२७ च्या वरच्या प्रत्येक आकड्यातून २५६ वजा कर, २५५ चा मायनस १, २५४ चा मायनस २. पण १२९ दिसला तर तो मायनस १२७, म्हणजे तू वायर काढली होतीस ती वेळ, तिथे तापमान लिहू नकोस, "सेन्सर नाही" लिही. मूळ सीएसव्ही पुसू नकोस, दुरुस्त केलेली वेगळ्या नावाने ठेव आणि पार्टीला दोन्ही दे, सोबत बायनरी लॉगमधून काढलेले आकडे. तिन्ही जुळले की त्यांना दिसेल की माल शून्याच्या आसपासच होता.

---

ओझरचा_सर्किटवाला

केलं. तीन रात्री मिळून सगळ्यात खाली मायनस २, सगळ्यात वर ३, तेही मालकाने सायरन ऐकून दार उघडलं तेव्हाची चार मिनिटं. आत्ताच मालकाला पाठवलं.